अर्ध्या गुणाची कैफियत

एल्सबी, नॉर्थ डकोटा
ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार

तीर्थस्वरूप ऑर्डिस मावशीस,

लेलँडचा इथूनच वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलो होतो. कंबर धरली, म्हणून हे पत्र उभ्यानं लिहितोय.) तुझा गुडघा काय म्हणतो? तुमच्या वृद्धाश्रमातल्या बायका पत्त्यांत अजून लबाडी करतात का, आणि तू त्यांना अजून सगळ्यांदेखत पकडतेस का? इकडे सर्व ठीक आहे. म्हणजे शेतांतलं बीट निघालं, पहिला बर्फ पडला आणि माझी नोकरी जवळजवळ गेली.

तुला कळलं असेलच की पुढच्या ऑगस्टपासून आमच्या आणि रगस्टाडच्या शाळेला मिळून भौतिकशास्त्राचा एकच शिक्षक राहणार. दुसऱ्या गावच्या पोरांनी त्याला पडद्यावर बघायचं. उमेदवार दोघं, मी आणि रगस्टाडचा ड्वेन हाउगन. (तोच, ज्याच्याबरोबर मी वीस वर्षं गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरायला बसतो. आता बसेन असं वाटत नाही.) दोघांतला कोण, ते शाळा मंडळानं गणित-विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षण शिबिरावर सोपवलं. तिथं प्रत्येकानं वीस मिनिटांचा नमुना पाठ घ्यायचा, ज्याचे गुण जास्त तो राहील.

शिबिर दोन दिवसांचं. पहिल्या दिवशी आम्हा चाळीस प्रौढांना कोरड्या स्पॅगेटीच्या काड्या आणि मार्शमॅलो देऊन मनोरा बांधायला लावलं. मी एकतीस वर्षं बलांचा समतोल शिकवतोय. माझा मनोरा पडला. चुकून आमच्या खोलीत येऊन बसलेल्या संगीताच्या मास्तरांचा दुपारपर्यंत उभा होता. मग रंगीत चिठ्ठ्यांवर आपापली भीती लिहून भिंतीला चिकटवायची होती. मी 'पडदा' असं लिहिलं. शिकवणाऱ्या बाई केंड्रा व्हॉस, वय असेल अठ्ठावीस, त्यांना वाटलं मला नाटकाची भीती वाटते. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "सर, इथं चूक-बरोबर काही नसतं हं." गणिताच्या माणसाला हे सांगणं म्हणजे भटजीला देव नसतो म्हणून सांगण्यासारखंच. जेवायला बटाट्याचा हॉटडिश होता. तोही गार.

दुसऱ्या दिवशीचा माझा पाठ मात्र, मावशी, देवाशपथ सांगतो, चांगला झाला. छताला दोरी टांगून तिला बांधलेला बोलिंगचा जड चेंडू नाकापासून सोडला आणि परत येईपर्यंत जागचा हललो नाही. विद्यार्थी होऊन बसलेल्या मास्तरणी किंचाळल्या. केंड्राबाईंनी मला बत्तीसपैकी एकतीस दिले, ड्वेनला अठ्ठावीस. तिथंच सगळं थांबायला हवं होतं.

पण मग स्वतःचं मूल्यमापन आलं. केंड्राबाईंनी भरलेला तोच गुणांचा तक्ता आपला आपण भरायचा. दोन्ही तक्त्यांची बेरीज मंडळाकडे जाणार, हे त्यांनी म्हणे सकाळीच सांगितलं होतं. त्या वेळी मी त्यांनी वाटलेल्या कागदांतल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करत होतो. (नऊ निघाल्या.) तेव्हा समोर तक्ता आल्यावर मी तेच केलं जे तू वर्गात शिकवलंस. वर्तुळ वेडंवाकडं काढलं, एक गुण कापला. विनोदाला कुणी हसलं नाही, एक कापला. दीड मिनिट जास्त घेतलं, एक कापला. आणि फळ्यावर दोलनकाल नुसता 'चार' लिहिला, पुढे 'सेकंद' लिहायला विसरलो, अर्धा कापला. तक्त्यात अर्ध्याचा चौकोनच नव्हता, मी पट्टीनं आखून घेतला. झाले साडेअठ्ठावीस. ड्वेननं स्वतःला बत्तीस दिले. बेरीज तूच कर.

अर्ध्या गुणानं! गाड्यांपाशी ड्वेन म्हणाला, "अरे लेल्या, स्वतःचेच मार्क कापणारा मास्तर जन्मात पाहिला नव्हता रे बाबा." आणि मग खाली बघत, "मला वाटलं, तूही बत्तीसच टाकशील." त्याच्यावर धड रागावताही येईना.

आता माझ्याच वर्गात मी पडदा चालू करायचा, हजेरी घ्यायची आणि ड्वेन शिकवत असताना मागे बसायचं, असा प्रस्ताव आहे. मला माझं फारसं वाटत नाही. (वाटतं. फार वाटतं.) पण सहा पोरं आहेत. त्यांतल्या मेसी टॉलफसनला तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय काही कळत नाही, आणि तिसऱ्यांदा विचारायची तिला लाज वाटते. ती नुसती पेन्सिल खाली ठेवते. पेन्सिल खाली ठेवलेली पडद्यातून कुणाला दिसणार?

असो. तब्येतीला जप. जिन्यावर कठडा धरून चाल.

तुझा,
लेलँड

ता. क. पत्र खरं म्हणजे यासाठी लिहिलं: मंडळाचा अध्यक्ष ऑर्लिन तुझाच विद्यार्थी, अजून तुझं नाव निघालं की खिशातले हात बाहेर काढतो. मंगळवारी निकाल कायम होणार. त्याआधी त्याला एक फोन करशील? मेसीचं सांग. माझं नाही सांगितलंस तरी चालेल.

ता. क. २. तू आधी माझा तक्ता मागवशील आणि बघून म्हणशील, अर्धा गुण योग्यच कापलाय. हे लिहिल्यावर लक्षात आलं. फोन राहू दे.

ता. क. ३. तुला दाखवावी म्हणून माळ्यावरून माझी त्र्याऐंशी सालची तुझ्या वर्गातली वार्षिक परीक्षेची उत्तरपत्रिका काढली. शंभरपैकी साडेनव्याण्णव, 'एकक लिहिले नाही'. तो अर्धा गुण मी चाळीस वर्षं स्वतःचा आणि दुसऱ्यांच्या पोरांचा कापत आलो. आज दिव्याखाली नीट पाहिलं. 'मीटर' लिहिलेलं आहे, मावशी. ओळीत जागा उरली नव्हती म्हणून पान उलटून मागं लिहिलं होतं. तू पान उलटलंच नव्हतंस.

कुणाला सांगणार नाही. फक्त तो अर्धा गुण पाठवून दे.