पांढरी लादी

६ ऑगस्ट
परत तेच. दादा म्हणतो, पांढरी लादी ही तुझी हौस. मे महिन्यात गावी जाऊन मी न्हाणीत लादी बसवली तेव्हा हा गप्प होता. आता म्हणे आपल्या विहिरीचं पाणी लाल, काळपट घालायची होती. आई रत्नागिरीला दवाखान्यात, आणि हा फोनवर मला लादी शिकवतो. मी इथे सुरतेत रोज तेच काम करतो.

७ ऑगस्ट
वहिनीकडून नीट कळलं. गणपतीला मी येणार, माझी लादी लाल दिसायला नको म्हणून आई घासायला बसली. सिमेंट काढायचं ॲसिड मी कोपऱ्यात ठेवून आलेलो. ते ओतलं. डाग जाईना, म्हणून वर विहिरीत टाकायची टीसीएल पावडर. पाणी साफ करते ती लादीपण करेल, असा तिचा हिशेब. पाऊस आत येतो म्हणून खिडकीला प्लास्टिक, दार लावलेलं. पिवळट धूर झाला. वहिनीने बाहेर ओढली तेव्हा तोंडाला फेस...
शेठने हाक मारली. राहिलं.

११ ऑगस्ट
डॉक्टर बोलला, फुफ्फुसं आतून भाजलीत. सूज आहे. ऑक्सिजन काढला, वाफ चालू.
आई फोनवर: "काय नाय झाला मना. लादी मात्र..." मग खोकला. मग वहिनी: "पुरे आता, बोलू नका."

१६ ऑगस्ट
घरी आणली. घराकडे जाणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्या चढवेनात. दादा आणि शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून वर नेली. खुर्चीतून म्हणते, "मी काय गणपती हाय?" सगळे हसले म्हणे. ती हसली आणि धाप लागली.
साईटवर ॲसिडची बाटली उघडली, तशीच बंद केली. दुसऱ्याला दिली.

२० ऑगस्ट
दादाशी वाजलं. "येऊ नको. तुझं भाडं, बुडालेला पगार, त्यात तिचा श्वासाबरोबर औषध ओढायचा पंप येतो." फुफ्फुसं किती भरून येतील ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. आई मागून: "येऊ दे रे त्याला. लादी सफेद झालीय, बघू दे."
दादाचं खरं आहे. म्हणूनच राग येतो.

२३ ऑगस्ट
तिकीट रद्द केलं. आईला सांगितलं नाही.
"गाडी कदीची?"
म्हटलं, बघतो. ती नुसती श्वास घेत राहिली. शिट्टीसारखा आवाज येतो. मीपण फोन ठेवला नाही.
दादाला कळवलं, न्हाणीचं प्लास्टिक काढ, जाळी बसव. ॲसिड घरात ठेवू नको. पंप आण. भाडं आणि पगार धरून सहा हजार चारशे पाठवतोय.