ईस्टरच्या सुट्टीत मेलेला नवरा

प्रिय टोर्डिस मावशी,

आधी एक प्रश्न. खून करणारी बाई हाती लागल्यावर पोलीसबाईनं तिला कॉफी पाजून घरी पाठवलं, तर ते योग्य की अयोग्य? मी आपल्या घरातली पहिली पदवीधर, न्याय या विषयावर प्रबंध लिहिलेली. पण मला उत्तर येत नाही. असो. तुला गुडघ्यासकट नमस्कार. (डॉक्टर नको म्हणत असताना तू स्की घालून गेलीस म्हणे. मोठ्यांना मी काय सांगणार!)

ईस्टरला डोंगरावरच्या घरी नेहमीसारखीच संत्री, बर्फ आणि खुनाच्या कादंबऱ्या. यंदा आईनं पिशवीतून स्वतः लिहिलेलीच काढली आणि आम्हाला वाचून दाखवली. तिची पोलीसबाई चोपन्न वर्षांची. (आईही.) अंगातून गरम वाफा निघतात म्हणून ती बर्फ पडत असतानाही खिडकी उघडते आणि तरुण साहेब येऊन ती बंद करतो. त्या उघड्या खिडकीतूनच तिला पुरावा दिसतो. मेलेला असतो एक नवरा, आणि मारलेलं असतं त्याच्या बायकोनंच. बायकोला झोप लागत नाही, कामावर तिच्या जागी कोवळी पोरगी बसवलीय (आईला फेरीबोटीच्या तिकीटखिडकीवरून मागच्या खोलीत हलवलं, तुला ठाऊकच आहे), हे ती सांगायला गेली की तो म्हणतो, "वयाचं आहे गं, होईल कमी," आणि कॉफीसाठी कप पुढे करतो.

मी बाबांकडे बघायचं टाळत होते. ते मात्र रंगून गेले होते. "मेला ते बरंच झालं! असला दगड नवरा असतो का कुठं?" म्हणाले, आणि कप पुढे केला.

आई मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "इतकी वर्षं झाली, या माणसाला स्वतःची ओळख पटेना. परक्यांना काय कळणार माझं? घाल ते कागद शेगडीत." आणि तिनं खिडकी उघडली.

मी कागद उचलले. शेगडी छान पेटली. (माझ्या प्रबंधाचा कच्चा खर्डा चांगलाच सुकला होता.)

तुझीच,
सिन्नेवा

ता. क. प्रकाशकाला पत्ता तुझा दिलाय, कारण आमच्याकडे टपाल बाबा उघडतात. होकार आला तर आईला फोन कर, नकार आला तर मला.

ता. क. आणखी एक. आईच्या लेखनात मी एकच बदल केला. मेलेल्या नवऱ्याचं नाव तिनं भलतंच ठेवलं होतं. मी सगळीकडे ऑडवार केलं, म्हणजे बाबांचंच. प्रकाशकाचं पाकीट आज सकाळी टपालपेटीत टाकलं.