नरूची निघायची तयारी

ज्येष्ठ शु. ३, शके १८६२. वालूर

नरूला आज भाकरी थापायला बसवलं. पहिली परातीतच फाटली. दुसरी तव्यावर टाकताना मोडली. तिसरी जमली पण बोट पोळलं. मॅट्रिक झाला म्हणून काय, औरंगाबादला कालेजात गेल्यावर करून कोण घालणार? सोबतीला पालमचा एक पोरगा आहे, दोघं मिळून खोली घेणार. त्यालाही येत नसेलच.

दीर अंगणातून गेले. भिंतीपलीकडचं घर त्यांचं, अंगण एकच. थांबून हसले. म्हणाले, वहिनी, याला कालेजात धाडायलात का खानावळीत? नरूही हसला.

त्यांच्या मनात नरूनं शेती बघावी असं आहे. पण ह्यांनी जाताना सांगून ठेवलेलं, पोराला शिकवायचं. तीन वर्षं झाली ह्यांना जाऊन. भावाचा शब्द दिरांनी अजून मोडला नाही.

शु. ६

कालेजात शेरवानी लागते. ह्यांची काळी पेटीतून काढली, नरूला घालून बघितली. खांद्यात बसेना. उसवून ढिली करता येईल का ते बघितलं, शिवणीत कापडच नाही. बापापेक्षा पोरगा रुंद झाला, कधी झाला? आजवर त्याचे सदरे डोळ्याच्या मापानं बेतत आले. आज सुतळी घेऊन माप काढलं नि सेलूच्या शिंप्याकडं धाडलं. नवीच शिवायची.

संध्याकाळी शाळेचे मास्तर आले. त्यांचं नि नरूचं उर्दूत बोलणं चाललं. तिथं सगळं उर्दूतच शिकवतात म्हणे. मी आत कंदिलाची काच पुसत ऐकायले. एक शब्द कळंना. आवाज नरूचाच, पण दुसऱ्या कोणाच्या घरचा पोरगा बोलायलाय असं वाटलं.

शु. १०

पालमच्या पोराचं रद्द. बापानं त्याचं लग्न ठरवलं, आता शिकणं बंद.

जेवताना नरू म्हणाला, "मग तूच चल ना."

मला वाटलं, पोचवायला.

"राहायलाच चल. दोघांना खोली पुरते. तू इथं एकटी कशाला राहायलीस?"

घासलेली भांडी परत घासली.

सोळाव्या वर्षी या घरात आले, बिजवराला दिलेली. नरू पाच वर्षांचा. दाराआडून बघायचा. माय म्हणायला लाजायचा, म्हणून नवीमाय म्हणायला लागला, तेच राहिलं. बारा वर्षांत तुला कुठं राहायचंय असं कोणी विचारलं नव्हतं. माहेरीसुद्धा नाही.

शु. १२

मनातल्या मनात सामान बांधायलेय. तवा, परात, दोन पातेली, ती निळी घोंगडी. नरू म्हणतो तिथं बायकासुद्धा दुपारच्या शिकायला जातात. मला चौथीपर्यंतचं येतं. पुढचं जमेल का? वय झालं... बघू.

शहरात मी कोणाची कोण हे कोणाला माहीत नसणार. रस्त्यानं चालले तर कोणी तोंड फिरवणार नाही. या विचारानं लय हलकं वाटलं.

पहाटे दळताना ओवी आली तोंडात. आपोआप.

वटपौर्णिमा

गल्लीतल्या बायका वडाला गेल्या. मी घरात.

दुपारी जाऊबाई पूजेच्या लुगड्यातच इकडं आल्या. नात्यानं माझ्याहून धाकट्या, वयानं दहा वर्षांनी मोठ्या. नरूनं चुलत्याला सांगून टाकलेलं, नवीमायला घेऊन जाणार. मला वाटलं आता ओरडतील. तसं नाही. शेजारी बसल्या, आवाज खाली ठेवूनच बोलल्या.

"बाई, राग धरू नका. तुमी अठ्ठावीसच्या, पोरगा सतराचा. एका खोलीत. शहरात कोणाला ठावं तुमी त्याची माय हाव म्हणून?"

मी म्हटलं, मी सांगीन की.

"कोणाकोणाला सांगसाल?"

मग म्हणाल्या, इथंबी बोलायलेत लोक. कोण ते मी विचारलं नाही.

संध्याकाळी नरूला ताट लांबूनच सरकवलं. काय झालं म्हणाला. डोकं दुखतंय म्हटलं. गोवर आला तेव्हा याला मांडीवर घेऊन बसले होते, भिंतीला टेकून तशीच झोप लागायची. त्याच्याकडं बघायची आज लाज वाटली. जाऊबाईंचा काय दोष? पण ते वाक्य घरात आलं ते जाईना.

व. २

दिरांनी नरूला एवढंच सांगितलं, बाईमाणूस घर सोडून शहरात राहात नसतं, आपल्यात पद्धत नाही. नरू म्हणाला, मग मीबी जात न्हाई. त्याच्या बोलण्यात काही अडलं नाही, इतकं सहज म्हणाला.

दीर खूश. पेरणीला माणूस हवाच होता.

लिहायला नको पण लिहिते. मला बरं वाटलं. रोज दिसेल.

व. ४

नरू दोन दिवस तिफणीमागं जायलाय. आज आला तो दिरांसारखाच ओट्यावर पाय पसरून बसला, दिरांसारखंच पाणी मागितलं. पाण्याचा तांब्या नेऊन दिला. असाच बसंल आता, चाळीस वर्षं.

मास्तर दारात येऊन गेले. दाखल्याची मुदत संपत आली म्हणाले. नरू मान खाली घालून पायाचा चिखल खरवडत बसला. मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी आत गेले.

मास्तरांचं तो ऐकायचा नाही. मी सांगितलं तरच.

व. ६

बोलले. गोठ्यात वैरण टाकत होता.

म्हटलं, नरू, काकांनी अडवलं म्हणून नाही. मलाच यायचं नाही. शहर मला मानवायचं नाही. माझं सगळं इथं आहे.

"काय हाय इथं?"

म्हटलं, गाय व्यायला झालीय.

हातातली पेंढी तशीच धरून माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "खरी माय असतीस तर आली असतीस."

कधी बोलला नव्हता असं. लहानपणी मारलं तेव्हाही नाही.

खरं तोंडापर्यंत आलं होतं. सांगितलं असतं तर तसाच उठून चुलतीला बोलला असता, आणि जायचं पुन्हा राहिलं असतं. पण तेवढंच नाही. ते वाक्य मी त्याच्या डोक्यात घालू कसं? एकदा ऐकलं की तोही माझ्या हातून ताट घेताना...

"असंल तसं," एवढंच म्हटलं.

पेंढी टाकून निघून गेला. दिवेलागणीला मास्तरांकडं जाऊन, जाणार म्हणून सांगून आला. हे मला दिरांकडून कळलं.

व. ११

तयारी चाललीय, बोलणं नाही. विचारलं तेवढ्याला हो, नाही.

मास्तरांनी ओळखीनं एका घराच्या माडीवर खोली ठरवली. घरवाले बरे आहेत म्हणे. शेरवानी शिवून आली. घालून काकीला दाखवायला गेला, अंगण ओलांडताना मी खिडकीतून बघितली. खांद्यात नीट बसलीय. उंच दिसतो.

तिखट कुटलं. कारळाची चटणी, शेंगदाण्याची चटणी. वळकटीचं कापड धुऊन वाळवलं.

सकाळी आता स्वतःच भाकरी थापतो, माझ्यासाठी थांबत नाही. गोल होतात. काल चार केल्या, दोन खाऊन गेला. दोन झाकून ठेवलेल्या. माझ्यासाठी का संध्याकाळसाठी, सांगितलं नाही. मी खाल्ल्या. संध्याकाळी त्यानं विचारलं नाही, म्हणजे माझ्याच.

अमावास्या

पोखर्णीच्या नरसिंहाचं नाव ठेवलंय याला, तिथं नेऊन आणायचं ह्यांच्या मनात होतं. आता वेळ नाही. घरातूनच हात जोडले.

पेटी भरली. माझ्याकडून काही राहिलं का म्हणून पुन्हा उघडली, पुन्हा लावली.

आषाढ शु. २

गेला.

हातावर दही जाऊबाईंनी घातलं. मी पुढं यायचं नाही हे मला कोणी सांगावं लागत नाही. चुलीपाशीच राहिले. बाहेर गाडीवान सोपान बैल जुंपायलेला, दीर पेटी चढवायलेले, मास्तर उर्दूत काहीतरी समजावून सांगायलेले.

नरू आत आला. उंबऱ्याशी थांबला. शेरवानी घातलेली, एवढ्या उकाड्यात. मी चुलीत फुंकायले. चूल पेटलेलीच होती.

"येतो," म्हणाला.

मी म्हटलं, धपाटे वरच्या फडक्यात आहेत.

मग गेला. मी वळले तेव्हा उंबऱ्यावर कोणी नव्हतं.

शु. ३

सोपान सेलूहून आज परतला. पाणी देताना विचारलं, गाडी मिळाली का वेळेवर.

मिळाली म्हणाला. टेशनात नरूनं पेटी डब्यात ठेवली, बसला, आणि परत खाली उतरला. त्याला विचारलं, "सोपानकाका, नवीमायनं तुमच्याजवळ काही सांगितलं होतं का?"

सोपान म्हणाला, "म्या न्हाई म्हटलं. तुमी कुठं काय सांगितलं होतं?"

मग गाडी हलायला लागली तसा चढला म्हणे.

सोपानला गुळाचा खडा दिला. तो खाईस्तोवर उभी राहिले. अजून काही सांगंल असं वाटलं. पण पुढं काही नव्हतंच.

शु. ८

नरूचं पत्र, काकांच्या नावानं. दिरांनी अंगणात वाचून दाखवलं. खोली चांगली आहे. पाणी खालून वर आणावं लागतं. शिकवतात ते समजतं. भाकरी करतो, बाजूच्या पोरालाही शिकवायलाय. घरी सर्वांस नमस्कार.

सर्वांस.

जाऊबाई म्हणाल्या, बघा, रुळला की. त्यांना खरंच आनंद झालेला. मलाही झाला, नाही असं नाही.

मास्तर म्हणाले तुम्ही लिहा, मी टपालात टाकतो. दवात-टाक घेऊन बसले. चि. नरहरीस अनेक आशीर्वाद. पुढं काय लिहू? उघडं कार्ड, कोणीही वाचणार. आणि बंद पाकिटात तरी ते कसं लिहायचं? पेरणी झाली असं लिहिलं. गाईला कालवड झाली लिहिलं. तब्येतीला जप.

शु. १३

दिवसभर कोणाशी बोलणं झालं नाही. संध्याकाळी जाऊबाईंनी हाक मारली, ओ द्यायला गेले तर आवाज घोगरा निघाला. आजारी हाव का म्हणाल्या.

दिरांचं म्हणणं, एकट्या कशाला राहाता, आमच्याकडं या. या घरात धान्य ठेवू, मधल्या भिंतीत दार फोडून घेऊ. मनात वाईट नाही त्यांच्या. तिकडं गेले तर निदान माणसाचा आवाज येईल कानावर. पण नरू दिवाळीला येणार, तर येणार कुठं? काकाच्या घरी पाहुणा?

दिवाळीला आला तर खरं सांगावं का, हेच घोळायलंय. सांगितलं तर चुलतीचं तोंड बघायचा नाही, आणि माझ्याकडं मोकळं बघणंही त्याचं संपंल. नाही सांगितलं तर तो मनात धरून बसलाय तेच खरं होऊन राहील, की ही माझी नव्हतीच. कधी वाटतं राहू दे. शिकायलाय ना. कधी टेशनावर खाली उतरलेला डोळ्यापुढं येतो.

जाऊबाई आता या घराची किल्ली मागायला आल्या होत्या. उद्या सांगते म्हटलं.