कॅटखालचं कोरं पान

उरायासु, जपान,
९ नोव्हेंबर २०१९

ती. लक्ष्मणकाकांना शिवानीचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? काकूला सांगा, चकल्या पोचल्या, निम्म्या मोडल्या, सगळ्या संपल्या.

फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र. मनिलाच्या स्पर्धेत जागा मिळाली, हे तुम्हाला कळलंच आहे. मार्चमध्ये नोकरी सोडून मी पोकरच खेळणार. आई अजून धड बोलत नाही. घरात तुम्ही एकटेच खूश झालात, आणि त्या खुशीचीच मला धास्ती वाटली.

मी शिकले ती इथल्या स्टेशनजवळच्या क्लबात. पैसे लावायचे नाहीत, नुसत्या प्लास्टिकच्या चकत्या. पहिल्या दिवशी पानं टाकताना तीन पत्तीच्या सवयीने "पॅक!" म्हणाले, तर पत्ते वाटणाऱ्या ओगावा-साननी माझे उरलेले फ्राइज डब्यात भरून दिले!

ओगावा-सान पत्त्यांच्या कॅटखाली एक लाल, कोरं पान ठेवतात. कशाला, विचारलं. म्हणाल्या, "तळाचं पान दिसू नये, कुणाला तळातून काढता येऊ नये." मी हसले, मग हसू गेलं. दिवाळीत तुम्ही तळातून एक्का काढून दाखवायचात, आम्ही मुलं टाळ्या वाजवायचो. शेजारच्या मोरेश्वरकाकांशी पैसे लावून खेळतानाही तेच करत होतात ना? बाबांनी तुम्हाला दिवाळीला बोलावणं का बंद केलं, ते मला इतक्या वर्षांनी इथे कळलं. फार वाईट वाटलं, काका.

तुम्ही म्हणता, पोकरवर पोट भरणारे पहिले सगळे लफंगेच, मग आपण कोण मोठे साव? खरं आहे. कमरेला पिस्तूल, बाहीत एक्का. इथे गुंडांना याकुझा म्हणतात, तो शब्दसुद्धा पत्त्यांतला: आठ, नऊ, तीन. बेरीज वीस, पण त्या खेळात शेवटचा आकडाच धरतात, म्हणजे शून्य. हरलेला डाव. पण टेबलावरचे निम्मे नियम अशाच लोकांमुळे आलेत, आणि मला ते नियम आवडतात.

"मी समोरच्याच्या मागे उभा राहीन. अंगठी फिरवली की समज, त्याच्याकडे एक्का आहे," असं मनिलाबद्दल फोनवर म्हणालात. नाही. त्यापेक्षा मी पहिल्याच डावात हरून परत येईन.

पत्ते पिसायला तुम्हीच शिकवलंत. तुम्ही मला फार आवडता, म्हणून स्पष्ट लिहिते. मनिलाला जरूर या. अंगठी काकूकडे ठेवा. आणि उभंच राहायचं असेल, तर माझ्या पाठीशी राहा.

तुम्हीच शिकवलेली, पण एकटीच खेळणारी,
शिवानी