तोंडाने काही देऊ नये

८ जाने., बुध.
यांना श्वासाच्या मशीनवर ठेवून चौथा दिवस. चोपड्याहून जीप भरून नऊ जण आले. आयसीयूत एका वेळी एकच, तेही दहा मिनिटं, हे नऊ जणांना नऊ वेळा सांगितलं. मग प्रत्येकाला पहिल्यापासून: आधी खोकला, मग ताप, यांनी अंगावर काढला, मग दम, न्यूमोनिया, मशीन. एकतीस वर्षं चौथीचा वर्ग सांभाळला, पण एकच धडा इतक्या वेळा कधी घेतला नाही. जाताना एकाने विचारलंच, "धुळ्याला का नाही नेलं?" धुळ्याचे व्याही काल विचारून गेले, नाशिकला का नाही नेलं.

९ जाने., गुरु.
निखिल पुण्याहून आला. डॉ.शी इंग्रजीत बोलतो. काय म्हणाले विचारलं तर, "आई, तू टेन्शन घेऊ नकोस." म्हणजे मी काय घेऊ?
संध्याकाळी नणंदबाई, एरंडोलच्या अक्का. यांच्याहून सात वर्षांनी मोठ्या, यांना कडेवर खेळवलेल्या. आत गेल्या आणि दोन मिनिटांत सिस्टरचा आरडाओरडा. पद्मालयाच्या गणपतीच्या तीर्थाची बाटली उघडून यांच्या तोंडावर धरली होती, तोंडात मशीनची नळी असताना! "तीर्थ शे ते, इख नही," विष नाही म्हणे, उलट सिस्टरलाच सुनावलं. मीही सगळ्यांसमोर ताडताड बोलले.
"मन्हा भाऊ पाच दिनपाईन उपाशी शे."
उपाशी नाहीत, नाकातल्या नळीतून पेज जाते, म्हटलं.
"नाकथून सवाद कयस का?"
नाकातून चव कशी कळणार म्हणे! कपाळ माझं.

१२ जाने., रवि.
डॉ.: "सुधारणा आहे, पण काही सांगता येत नाही." रोज हेच वाक्य. छापून भिंतीवर लावा म्हणावं, त्यांचाही वेळ वाचेल.
यांचे हात खाटेला बांधलेत. नळी ओढतात म्हणून. बत्तीस वर्षं एसटीचं स्टीअरिंग धरलेले हात, यावल-जळगाव, जळगाव-यावल. पट्टीखाली लाल झालंय. तेल लावू का विचारलं तर सिस्टर नको म्हणाली. इथे सगळ्यालाच नको.

१४ जाने., मंगळ., संक्रांत
नळी काढली!! आपला श्वास आपण घेतायत. आवाज अगदी बसलेला, पण नाव घेतलं माझं. रडले. सिस्टरसमोरच.
डॉ.नी बजावलं: गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने थेंबही नाही. दहा दिवस नळी होती, घसा सुस्त झालाय, पोटात जायचं ते फुप्फुसात जाईल. आणि बाहेर बघावं तर तिळगुळाचे डबे घेऊन रांग. एवढासा लाडू, शकुनाचा म्हणे! सिस्टर म्हणाली, मावशी, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच पाटी लिहा. पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलं: तोंडाने काही देऊ नये. खाली दोन रेघा. उशाशी लावली. अक्कांनी एकेक अक्षर लावत वाचली. "तूच लिखेल शे का? मंग ठीक."

१५ जाने., बुध.
साडेचारला भेटून आले. बाकी काही लिहीत नाही.

१६ जाने., गुरु.
पहाटे दम लागला. परत मशीनवर. परत हात बांधलेले.
लिहून टाकते. कुठेतरी लिहायला हवंच.
काल मी चहा दिला. साडेचार म्हणजे यांची वेळ, गाडी कुठेही असो, उतरून आल्याचा चहा घ्यायचेच. माझ्या पिशवीत थर्मास होता, माझ्यासाठी. यांना वास आला. "चहा" म्हणाले. नाही म्हटलं. परत म्हणाले. डोळ्यांत पाणी. आठ दिवस ज्याला त्याला झापणारी मी, माझ्याच अक्षरातल्या पाटीखाली बसून थर्मासच्या झाकणाने दोन घोट पाजले. एकदा खोकले. मग हसले.
कोणाकोणाला मूर्ख म्हणाले मी या आठवड्यात.

१७ जाने., शुक्र.
डॉ.नी सगळ्यांना उभं केलं. "काही पाजलं का? खरं सांगा, मला उपचारासाठी कळायला हवं." सिस्टरने अक्कांकडे पाहिलं, निखिलने पाहिलं. अक्का माझ्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मीच दिधं. चहा दिधा व्हता."
चहा. तीर्थ असं नाही म्हणाल्या. म्हणजे दारातल्या काचेतून सगळं पाहिलं होतं.
डॉ. भडकले. त्यानेच झालं असं नक्की सांगता येत नाही, पण यापुढे या बाईंना आत सोडायचं नाही. निखिल आत्यावर इतका ओरडला, आणि मी उभी.

१८ जाने., शनि.
अक्कांना गाठलं. का केलंत? चिडूनच विचारलं, मला तेवढंच येतं.
"तुले आत जानं पडी रोज. मन्हं काय, मी बाहेर बी बसस."
आणि तीळ चावत बसल्या. संताप येतो या बाईचा. आता मी कुठे तोंड दाखवू?

२३ जाने., गुरु.
गळ्याला छिद्र पाडून तिथून नळी घातली. निखिलने सही केली. अक्का रोज सकाळी येतात, बाकावर बसतात, संध्याकाळच्या गाडीने एरंडोलला परत. भाऊ आत, बहीण बाहेर, मधे एक दार. रोज ठरवते, आज सांगायचं. रोज डॉ. घाईत असतात. खरं तर मीच त्यांना घाईत असू देते.

२९ जाने., बुध.
आज दुपारी यांच्या गळ्यातल्या नळीवर बोलण्याचं झाकण बसवलं. डॉ., निखिल, मी. "बोला काका, काय हवंय?" बराच वेळ नुसती हवा. मग माझ्याकडे बघून, घोगरं,
"चहा नको."
निखिल खो खो हसला. "बाबा आणि चहा नको!" डॉ.ही हसले. हे हसले नाहीत. नजर माझ्यावर. रागावलेत की मला सांभाळून घेतायत, छत्तीस वर्षं संसार करूनही कळलं नाही. मग म्हणाले, "अक्का?"
बाहेर आहेत, म्हटलं.
"का?"
निखिल म्हणाला, सांगतो नंतर.
पाचला डॉ. परत येणार आहेत. आता पावणेपाच. सांगितलं तर मला बाहेर काढतील, निखिल काय म्हणेल ते म्हणेल. यांना अजून बरं व्हायचंय, किती दिवस ते कोणीच सांगत नाही. तेवढे दिवस बाकावर मी बसेन.
अक्का डुलक्या घेत होत्या. उठवलं. म्हटलं, पदर नीट करा, आत जायचंय.
"माले कोन जाऊ दी?"