टर्बोचं पोट

४ ऑक्टोबर
घोडी घेतली! वय तीन वर्षं, रंग तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका. नाव ठेवलं टर्बो. मेव्हणा म्हणत होता, आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. त्याला सांगितलं, बाबा रे, अर्धं आयुष्य ड्रायव्हिंग स्कूल चालवण्यात गेलं, जुनी गाडी मी नुसत्या आवाजावरून ओळखतो. घोडीभोवती चकरा मारल्या, दात पाहिले, खूर पाहिले, बॉडीला कुठे डेंट नाही. पास.
विकणारा म्हातारा भला माणूस. घोडी कधी नराजवळ ठेवलेली नाही, असं त्याने आपणहून सांगितलं. पलीकडच्या कुंपणात एक घोडा उड्या मारत होता, पण तो अजून पोरगा आहे हो, त्याला काय कळतंय, असंही म्हणाला. मी विचारलंसुद्धा नव्हतं. इतका मोकळा व्यवहार हल्ली कुठे राहिलाय?
संकल्प: स्कूलच्या मागच्या गॅरेजात तबेला. एक मार्चला 'अश्वारोहण वर्ग' सुरू. गाडी काय नि घोडी काय, शेवटी आत्मविश्वास महत्त्वाचा.

९ ऑक्टोबर
बायको म्हणते, हिचं पोट जरा जास्तच दिसतंय. गवताचं पोट आहे, मी म्हटलं. नवीन माणसाला तसं वाटतं.

१८ ऑक्टोबर
टर्बो लठ्ठ आहे. (हे माझं निरीक्षण. बायकोचं वेगळं होतं.) चंदी आजपासून निम्मी. डाएट चार्ट करून भिंतीला लावला. टर्बोने दुपारी तो खाल्ला.

२ नोव्हेंबर
रोज सकाळी मैदानात धावणं सुरू. दोर माझ्या हातात, मी पुढे, घोडी मागे. तिसऱ्या फेरीत मी मागे, घोडी पुढे. मग दोघंही उभे. मेव्हणा कुंपणावर टेकून बघत होता. म्हणाला, नक्की व्यायाम कोणाला देताय? काही लोकांना दुसऱ्याची प्रगती बघवत नाही.

२१ नोव्हेंबर
पट्टा आणखी एक भोक आत गेला. माझा.
टर्बोचं पोट जैसे थे. उलट खाली आणि दोन्ही बाजूंना पसरलंय. बायको चोरून गाजरं घालते असा संशय होता. विचारलं, तर म्हणाली, चोरून कशाला, रोज तुमच्यादेखत घालते. माझं लक्ष नव्हतं म्हणे. माझं! शिकाऊ मुलगा क्लच कधी सोडणार हे मला त्याच्याआधी कळतं.

८ डिसेंबर
खोगिराचा तंग पोटाखालून ओढून घेतला तरी बकलापर्यंत पोहोचेना. गेल्या महिन्यात पोहोचत होता. थंडीने चामडं आखडलं, उघड आहे. खोगीरवाल्याकडे जाऊन त्याला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, साहेब, चामडं वापरून सैल होतं, आखडलेलं मी तरी पाहिलं नाही. मी म्हटलं, आता बघा. लांब तंग घेऊन आलो.

२९ डिसेंबर
बायकोने आज जेवताना स्पष्टच सांगितलं. घोडी गाभण आहे.
मी हसलो. शांतपणे तिला तीन मुद्दे सांगितले. एक, म्हाताऱ्याने शब्द दिलाय. दोन, तीन वर्षांची घोडी म्हणजे पोर. तिसरा मुद्दा बोलता बोलता विसरलो, पण तोच सर्वांत बिनतोड होता.
तर म्हणाली, तुम्ही बोलूच नका, माझ्या वेळेला तुम्ही पित्ताच्या गोळ्या आणून दिल्या होत्या. चांगल्या दोन महिने दिल्या होत्या.
आता हे काढायची काही गरज होती का? त्या वेळी लक्षणं अगदी पित्ताचीच होती. मुलगी झाली हा भाग वेगळा.

१७ जानेवारी
सकाळी खरारा करत होतो. डावा हात तिच्या कुशीवर. एकदम आतून धक्का बसला. बाहेर लाथ मारणारी घोडी बघितली होती, आत मारणारी पहिलीच.
दुपारी: गॅस.
संध्याकाळी: पुन्हा हात ठेवून बघितला. पुन्हा बसला. गॅसला खूर नसतात, असं उगाच मनात आलं. बायकोला सांगितलं नाही. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन करून उद्याच या म्हटलं. कारण विचारलं तर गॅस सांगितलं.

१८ जानेवारी
डॉक्टरीणबाई आल्या. टर्बोला चुचकारलं, मागून वाकून कास बघितली, कुशीला कान लावला. मग वळून हसल्या आणि म्हणाल्या, अभिनंदन, तुमचा गॅस फेब्रुवारीअखेरीस चालायला लागेल.
बायकोने नुसतं माझ्याकडे बघितलं. ती न बोलता फार बोलते.
मग बाईंनी विचारलं, खायला काय देता? सांगितलं. व्यायाम? सांगितला. त्यांचं हसू गेलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हात पुसत हळू आवाजात म्हणाल्या, ही स्वतःच अजून वाढीला लागलेली, त्यात पहिलटकरीण, त्यात उपाशी. शिंगरू बारीक निघेल. उभं राहिलं तर नशीब.
त्या गेल्यावर मी बराच वेळ तबेल्यात होतो. टर्बोच्या बरगड्या दिसतात. पोटाकडे बघण्याच्या नादात बरगड्यांकडे कधी पाहिलंच नाही.
जेवण गेलं नाही. पित्त असावं.

१९ जानेवारी
तसा मला सुरुवातीपासून अंदाज होताच. फक्त पक्कं व्हायचं होतं.
खोगीर माळ्यावर. चंदी पूर्ववत. नुसती पूर्ववत नाही, दुप्पट.

२० जानेवारी
दुप्पट नाही. डॉक्टरीणबाईंनी फोनवर चांगलं झापलं. एकदम वाढवली तर पोटशूळ उठून जिवावर बेतेल, रोज थोडी थोडी वाढवा, आणि कृपा करून तुमचं डोकं लावू नका, असं म्हणाल्या. शेवटचं वाक्य बायकोने त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. फोन स्पीकरवर होता.

१२ फेब्रुवारी
बाळंतपणाची तयारी संपूर्ण. कोरडा पेंढा, स्वच्छ टॉवेल, कॅमेरा, शिट्टी. पहाऱ्याला दुपारी बायको, बाकी सगळा वेळ मी. डॉक्टरीणबाई म्हणतात, घोड्यांना कोणी टक लावून बघितलेलं आवडत नाही, त्या माणूस हलेपर्यंत कळ काढतात. इतर घोड्या काढत असतील. टर्बोचा माझ्यावर विश्वास आहे.

२२ फेब्रुवारी
सडाच्या टोकाला मेणासारखे थेंब आलेत. म्हणजे आता कधीही. मी जागचा हलणार नाही.

२३ फेब्रुवारी
फक्त दाढी करायला गेलो होतो. शिंगराबरोबर फोटो निघणार, खुंट वाढलेले बरे दिसत नाहीत. एक गाल झाला आणि बायकोची हाक आली. माझं नाव घेऊन हाक मारली, म्हणजे काहीतरी खरंच होतं.
धावत गेलो. सगळं आटोपलं होतं. पेंढ्यात ओलं, काळपट, सगळे पायच पाय असलेलं काहीतरी पडलं होतं. बायको गुडघ्यांवर बसून टॉवेलने त्याला चोळत होती, डॉक्टरीणबाई फोनवर सूचना देत होत्या. मी आत पाऊल टाकलं तसे टर्बोने कान मागे पाडले, दात दाखवले. दारातच थांबलो.
ते उठेना. पुढचे पाय टाकायचं, मागचे विसरायचं, कोसळायचं. बाई विचारत होत्या, उभं राहिलं का? बायको म्हणत होती, अजून नाही. पुन्हा विचारायच्या, पुन्हा नाही. बायकोचा आवाज प्रत्येक वेळी बारीक होत गेला. मी इतक्या जणांना गाडी शिकवली, चढावर गाडी बंद पडली की शेजारून ब्रेक दाबून सांभाळली. इथे माझ्या पायाखाली काहीच नव्हतं. मनात म्हणत होतो, बाळा, माझ्यावरचा राग स्वतःवर काढू नकोस.
टर्बोनेच नाकाने ढुशी दिली. एकदा, दोनदा. ते उठलं. डगमगलं, भिंतीला टेकलं, पडलं नाही. मग शोधत शोधत कासेपाशी गेलं आणि चुरूचुरू आवाज आला.
साबण डोळ्यात गेला. दोन्ही डोळ्यांत.

१ मार्च
उद्घाटन. पंधरा-वीस जण आले, रायडिंग बूट घालून. घोडीवर काही महिने कोणीही बसायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, म्हणून मी 'अश्वारोहणाची सैद्धांतिक बाजू' या विषयावर भाषण ठेवलं होतं. दुसऱ्याच वाक्याला सगळे शिंगरू बघायला मागे निघून गेले. मेव्हणा शेवटपर्यंत बसला. भाषण संपल्यावर म्हणाला, गाभण घोडी कशी ओळखायची तेवढं राहिलं.
मागे बायको सगळ्यांना खरारा कसा करायचा ते दाखवत होती. आठ जणांनी त्यासाठी नाव नोंदवलं. तिच्याकडे.

४ मार्च
टर्बो मला अजून आत येऊ देत नाही. बायको खुशाल जाते, शिंगराचे कान ओढते. मी दाराशी गेलो की कान मागे. चंदीची बादली मी दारात ठेवतो, मी लांब गेल्यावरच ती तोंड घालते. बरोबरच आहे, आईपणाची सहजप्रवृत्ती. यात व्यक्तिगत काही नाही.
काही नाहीच.

७ मार्च
मार्च लागला तरी आज सकाळी कडाक्याची थंडी. उजाडताना चंदी घेऊन गेलो. दारात थांबलो, सवयीने. टर्बोने मान वर केली. कान पुढे! हळूच आत पाऊल टाकलं. ती जवळ आली, माझ्या छातीला नाक लावून लांब श्वास घेतला आणि मान खांद्यावर टाकली. शिंगरू येऊन माझी बाही चघळत बसलं. किती वेळ उभा होतो कोण जाणे. पाठीला रग लागली, पण हललो नाही. शेवटी जनावराला माणूस कळतो. माफ केलं मला.
घरात येऊन बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, माझा स्वेटर मी कधीची शोधतेय, काढा बरं तो.
अंधारात खुंटीवरचा हाताला लागला तो घातला होता.
उद्याही तोच घालून जाणार आहे. काखेत जरा काचतो.