ठराव बहुमताने मंजूर

प्रिय ग्लेनिस,

महिना झाला, तू बेकरीत जायला माझ्या दारावरचा रस्ता सोडून मागची गल्ली धरतेस. मला राग नाही. तुझ्या जागी मी असते तर दारावर अंडी फेकली असती.

डार्सी ॲडलेडला रुळला आहे. विधानसभेत मागच्या बाकावर जागा मिळाली, नवे बूट घेतलेत, आणि हल्ली आईशीसुद्धा भाषणाच्या आवाजात बोलतो. तुझ्याच हातावर जन्मलेलं पोर. पायाळू होतं, बाहेर वादळ, डॉक्टर पोचलेला नाही, आणि तू मला दटावत होतीस, "कोराली, ओरड हवं तेवढं, पण मी सांगेपर्यंत जोर लावायचा नाही." त्याच पोराच्या प्रचारपत्रकावर तुझा फोटो आणि खाली ठळक अक्षरांत, 'प्रसूती विभाग बंद करायला हिनेच हात वर केला.'

मतदानाच्या दिवशी मी शाळेबाहेर मतदारांसाठी सॉसेज भाजत होते. मेंढ्या कातरणाऱ्या टॉबीची गरोदर बायको तुला काय म्हणाली ते मी ऐकलं. "दीडशे किलोमीटर कळा सोसत जाईन ना, तेव्हा तुमचंच नाव घेईन, बाई." मी कांदे परतत राहिले. डार्सीपुढे तू त्रेसष्ट मतांनी पडलीस.

तक्रार तू वेळेत केली होतीस. जाहिरातीत धडधडीत खोटं छापलं तर ते मागे घ्यायला लावणारा कायदा आपल्या राज्यात आहे, याचा आपल्याला केवढा तोरा. पण ते खोटं आहे हे कुणीतरी दाखवावं लागतं. ज्यांनी हात वर केले होते ते कशाला तोंड उघडतील? निवडणूक कचेरीने आपल्या रुग्णालय समितीच्या त्या बैठकीचं इतिवृत्त मागवलं. सतरा वर्षं मी त्या समितीची चिटणीस, मीच पाठवलं. त्यात काय असणार? 'ठराव बहुमताने मंजूर.' कोण कुठल्या बाजूला होतं ते आपण कधीच लिहीत नाही, कारण शनिवारी त्याच माणसांबरोबर हिरवळीवर बोलिंग खेळायचं असतं. कचेरीतल्या माणसाने फोनवर विचारलं, "तुम्हाला स्वतःला काही आठवतं का?" मी म्हटलं, "इतिवृत्तात आहे तेवढंच." नरो वा कुंजरो वा. तक्रार निकाली निघाली आणि पत्रकं वाटली जात राहिली.

तुला वाटतं मी नुसती मिठाची गुळणी धरली. तेवढंच असतं तर बरं होतं. फेब्रुवारीत एका रविवारी जेवताना डार्सीने विचारलं, "आई, त्या ठरावाला ग्लेनिसमावशीने काय केलं होतं गं?" मी बटाटे वाढत म्हटलं, "एकटी विरोधात होती." "लिहिलंय कुठे?" "नावं लिहीत नाही आम्ही." तो हसला, म्हणाला, "मग झालंच की." मला त्याच क्षणी कळलं, ग्लेनिस. आणि मी त्याला विचारलं, अजून थोडं मटण वाढू का.

निकालाला कोर्टात आव्हान द्यायची मुदत शुक्रवारी संपते. इतिवृत्त लिहिण्याआधी मी बैठकीतलं सगळं एका कच्च्या वहीत टिपते, नावांसकट. हे कुणालाच ठाऊक नाही, डार्सीलासुद्धा नव्हतं. फाडलेलं पान कोर्टात टिकायचं नाही, म्हणून अख्खी वहीच सोबत पाठवते आहे. पान बेचाळीस बघ. 'विरोधात ग्लेनिस, एकटी. म्हणाली, बायका रस्त्यात बाळंत होतील.' साक्षीला मी येईन, फोनवर काय बोलले तेही सांगेन. काल डार्सीला फोन करून हे कळवलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तो त्याच्या जुन्या, साध्या आवाजात बोलला, म्हणाला, "आई, पुन्हा फोन करू नकोस." तू मला उत्तर लिहू नकोस. वही घेऊन वकिलाकडे जा, आणि बेकरीला अजून काही दिवस मागच्याच गल्लीने जात जा. माझी खिडकी रस्त्याकडे आहे.

'तुझीच' लिहायला हात धजत नाही,
कोराली